स्खेव्हेनिंगनचा समुद्र, बाबांसाठी

हेग (नेदरलँड्स), जानेवारी अखेर

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

आई, हे पत्र तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव. धाकटीच्या हातात देऊ नकोस. ती मधल्या ओळी गाळून थेट शेवटावर जाईल, आणि शेवटी जे लिहिलंय ते आधीचं सगळं ऐकून झाल्यावरच तुमच्या कानावर पडावं असं मला वाटतं.

आधी तब्येत. खोकला गेला. त्या दिवशी फोनवर आवाज घोगरा वाटला, कारण मी ट्रामच्या थांब्यावर वाऱ्यात उभी राहून बोलत होते. वजनही उतरलेलं नाही. भात रोज होतो. हेगमध्ये सुरिनामहून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची पुष्कळ दुकानं आहेत, तिथे नारळ, कढीपत्ता, हिरवी मिरची सगळं मिळतं. बांगडाही मिळतो, आपल्याकडच्यापेक्षा मोठा आणि तेलकट. तू दिलेली तिरफळं अजून आहेत, त्यामुळे तिखल्याची चव अगदी घरची नाही तरी घराच्या आसपासची येते. एकटी आहे म्हणून पाव खाऊन दिवस काढते असं मनात आणू नकोस. ऑफिसचं तेच चाललंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता बाबांचा प्रश्न. परवा तुम्ही विचारलंत, "तिकडच्या समुद्राचा रंग कसला गो?" मी म्हटलं करडा, आणि तुम्ही पुढे बोलला नाहीत. जन्मभर चित्रकला शिकवलेल्या माणसाला नुसतं "करडा" हे उत्तर पुरत नाही, हे तुमच्या मुलीला कळतं. फोनवर दाखवून उपयोग नाही, मोतीबिंदूमुळे तुम्हाला पडद्यावर सगळं धुरकटच दिसतं. म्हणून बसून लिहिते. दोन रविवार त्यासाठी दिले, त्यातला एक स्खेव्हेनिंगनच्या समुद्रावर आणि एक हेगमध्ये चित्रांसमोर गेला. दोन्ही मिळून तुमचं उत्तर होईल.

स्खेव्हेनिंगन म्हणजे हेगला लागून असलेलं समुद्राकाठचं गाव. ट्राम थेट तिथे जाते. आता तिथे हॉटेलं, मोठा रस्ता, धक्का सगळं आहे. पण मुळात ते मच्छीमारांचं गाव.

तिथे मी भर वाऱ्यात का गेले, हे आईला समजावून सांगायला हवं, नाहीतर ती रात्रभर जागी राहील. इथल्या लोकांची एक रीत आहे. हिवाळ्यात जोराचा वारा सुटला की घरातली सगळी उठून समुद्रावर चालायला जातात. वारा थांबल्यावर नव्हे, वारा असतानाच. वादळ धोक्याचं असेल तर हवामानखातं तसा इशारा देतं आणि मग सगळे घरीच बसतात. पण त्याच्या खालचा, नुसता कान बधिर करणारा वारा असला की लोक मुद्दाम निघतात. बाबागाड्यांवर प्लास्टिकचं आवरण घालून तान्ही मुलं आणतात. काठी टेकत आजोबा येतात. कुत्री तर असतातच. छत्री कोणी आणत नाही, ती पहिल्याच झोताला उलटी होते. वाळूवर उतरलं की आधी वाऱ्याकडे तोंड करून चालायचं, म्हणजे दमल्यावर परतताना तोच वारा पाठीला लागून ढकलत आणतो. एवढा एकच नियम. चालताना कोणी बोलत नाही, कारण बोललेलं शेजारच्यालाही ऐकू येत नाही. वाटेत देऊळ नाही, कोणा नातेवाइकाचं घर नाही, काही विकत घ्यायचं नाही. तास-दीड तास असं चालून लाल गालांनी एखाद्या हॉटेलात शिरायचं, वाटाण्याचं दाट सूप नाहीतर साय घातलेलं गरम चॉकलेट प्यायचं आणि घरी जायचं.

मी ऑफिसातल्या दोघा-तिघांना विचारलं, हे कशासाठी. त्यांना प्रश्नच कळला नाही. लहानपणापासून आईबापांनी नेलं, म्हणून तेही जातात. मला वाटतं याचं कारण उजेडात आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे सकाळी पावणेनऊला उजाडतं आणि साडेचार-पाचला दिवस बुडतो. तोही बहुतेक वेळा ढगाखाली. दिवसचे दिवस बंद खिडक्यांच्या आत हीटरच्या गरम हवेत गेले की डोकं जड होतं, आणि मग तो वारा औषधासारखा लागतो. मला तरी लागला. परतताना आपल्या अंगात किती बळ आहे हे कळतं. आई, मी कानटोपी, मफलर, हातमोजे सगळं घालून गेले होते, आणि एकटी नव्हते, सोबत होती.

आणि तो नवीन वर्षाचा व्हिडिओ. हो, तो इथलाच आहे. १ जानेवारीला हजारो लोक डोक्यावर नारिंगी टोप्या घालून त्या गार पाण्यात धावत शिरतात आणि किंचाळत बाहेर येतात. मी त्यात नव्हते. मी पाण्याला हातही लावलेला नाही. समुद्राच्या जवळ राहते म्हणून भिऊ नकोस. किनारा रुंद आहे, आणि फिरायच्या रस्त्याच्या पोटातच समुद्र अडवायचा बांध घातलेला आहे. बघणाऱ्याला नुसता रस्ता दिसतो.

तर बाबा, रंग.

लांबून बघितलं तर तुम्हाला मी सांगितला तोच करडा. पण जवळ गेलं की त्याचे तुकडे पडतात. क्षितिजाजवळ शिसपेन्सिलीचा, जरासा निळसर. त्याच्या अलीकडे हिरवट पट्टा. लाट उभी राहते तेव्हा तिच्या पोटात चहाचा तांबूस रंग येतो, कारण किनारा उथळ आहे आणि लाट खालची वाळू उचलून आणते. फुटली की पांढरा. पण पांढरा फक्त माथ्यावर क्षणभर. खाली उतरेपर्यंत तो पिवळट होतो, आणि वाळूवर फेसाचे गोळे राहतात ते तर मळकट असतात. वारा ते गोळे सुटे करून किनाऱ्यावर घरंगळत नेतो. त्याहून मला आवडलं ते वाळूचं वाहणं. कोरडी वाळू घोट्याच्या उंचीने, जमिनीला धरून, ओल्या वाळूवरून पळत असते. ओली वाळू गडद आणि वर ही फिकी, सतत हलणारी. खाली बघत उभं राहिलं तर आपणच सरकतोय असं वाटतं. आणि या सगळ्यावर आभाळ. इथे तीन हिस्से आभाळ आणि एक हिस्सा बाकी सगळं. तुम्ही आम्हाला क्षितिजरेषा कागदाच्या मध्यावर काढू देत नव्हतात, वर घे नाहीतर खाली घे म्हणायचात. इथे ती खालीच घ्यावी लागते.

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने पाहून ठेवलं आहे. हेंड्रिक विलेम मेस्डाख त्याचं नाव. तुमच्या त्या जुन्या पुस्तकांत रेम्ब्रांट आणि व्हान गॉग होते, हा नव्हता. मी पहिल्या रविवारी जे पाहून आले ते दुसऱ्या रविवारी त्याच्या चित्रांत जसंच्या तसं भेटलं, आणि मला त्याच्याविषयी तुम्हाला सांगायची घाई झाली.

मेस्डाख १८३१ साली ग्रोनिंगनला जन्मला, उत्तरेकडे. वडिलांची पेढी होती, तिथेच हाही कामाला. बँकवाला माणूस. मोकळ्या वेळात चित्रं काढायचा. ३५ वर्षांचा झाल्यावर, १८६६ मध्ये, त्याने पेढीचं काम सोडलं आणि चित्रकला शिकायला ब्रुसेल्सला गेला. तिथे विलेम रूलोफ्स हा त्याचा गुरू. बायको सीन्चे, तिचं पाठबळ होतं, आणि तिच्या माहेरचा वारसा मिळाला होता म्हणून पोटाची चिंता नव्हती. १८६८ च्या उन्हाळ्यात ही दोघं नॉर्डर्नाय नावाच्या जर्मन बेटावर गेली. तिथे त्याला समुद्राचं वेड लागलं, ते कायमचं. पुढच्या वर्षी हेगला घर केलं ते समुद्रासाठी. स्खेव्हेनिंगनला समुद्राकडे तोंड असलेली खोली भाड्याने घेतली, म्हणजे वारा असो, पाऊस असो, कसल्याही हवेत खिडकीतून लाटा बघता याव्यात. वर्षभरात, १८७० मध्ये, उत्तर समुद्रातल्या फुटणाऱ्या लाटांचं मोठं चित्र त्याने पॅरिसच्या सलों नावाच्या मोठ्या प्रदर्शनात पाठवलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. काल-परवापर्यंत हिशेबाच्या वह्या लिहिणारा माणूस!

पदकाच्या पुढच्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. लहान होता. त्यानंतर सीन्चेही मन लावून चित्रं काढू लागली. ती माळरानं, झाडं, मेंढरं रंगवायची आणि तो समुद्र. त्यांच्या घराला लागून त्यांनी १८८७ मध्ये आपल्या संग्रहासाठी इमारत बांधली आणि १९०३ मध्ये ती चित्रांसकट सरकारला देऊन टाकली. आजही ते संग्रहालय आहे. मी तिथे गेले होते. (संग्रहालयांचं वर्षाचं कार्ड काढलंय आई, दर वेळी तिकिटाचे पैसे जात नाहीत.)

बाबा, त्याच्या लाटा जवळून बघायला तुम्ही हवे होतात. दहा पावलांवरून सगळं ओलं, हलतं दिसतं. हातभर अंतरावर गेलं की नुसता रंग दिसतो. फेस त्याने पांढऱ्या रंगात काढलेलाच नाही. राखाडी, पिवळा, थोडा तपकिरी असे जाड फटकारे एकात एक ओढलेले, आणि शुद्ध पांढरा अगदी मोजक्या जागी, तोही दाट, ब्रशचे केस उमटलेले. लाटेच्या सावलीत रंग पातळ. आभाळ भरभर केलेलं, ब्रश आडवा फिरवून. लोक म्हणतात हा समुद्राचं हुबेहूब चित्र काढायचा. मला ते पटत नाही. हुबेहूब म्हणजे प्रत्येक लाट मोजून काढणं. हा वारा काढतो. चित्रासमोर उभं राहिल्यावर मला मागच्या रविवारी अंगावर घेतलेला तो ढकलणारा जोर पुन्हा जाणवला. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याचं लाटांत उभ्या असलेल्या मच्छीमार होड्यांचं चित्र आहे, त्यातही तेच. शिडं, डोलकाठ्या, माणसं सगळं आहे, पण बघणाऱ्याच्या अंगावर येतं ते पाणी.

त्या काळात हेगच्या या चित्रकारांना "करडी शाळा" म्हणायचे, कारण सगळ्यांच्या चित्रांत हाच मळभाचा उजेड. म्हणजे मी फोनवर दिलेलं उत्तर अगदीच वाया गेलेलं नाही.

त्या होड्यांविषयीही लिहायला हवं. स्खेव्हेनिंगनला तेव्हा बंदरच नव्हतं. उघडा वाळूचा किनारा आणि समोर उत्तर समुद्र. म्हणून तिथल्या होड्या सपाट बुडाच्या, रुंद, जवळजवळ चौकोनी. भरतीबरोबर थेट वाळूवर येऊन बसायच्या आणि घोडे लावून वर ओढायच्या. आपल्याकडे रापणीच्या होडीला सगळे हात लावून वर घेतात, तसंच ते, फक्त इथे होडी ओकची आणि फार जड. मेस्डाखच्या चित्रांत या होड्या पुन्हा पुन्हा येतात, वाळूवर बसलेल्या, एका बाजूला कललेल्या. मग १८९४ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, मोठं वादळ आलं. होड्या हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. समुद्र वाळू ओलांडून टेकड्यांच्या पायथ्याशी आला आणि त्याने होड्या एकमेकींवर आपटून फोडल्या. त्या दुखण्यातून पुढे बंदराची मागणी जोरात आली आणि १९०४ मध्ये स्खेव्हेनिंगनला बंदर झालं. बंदर झाल्यावर सपाट बुडाच्या होड्यांची गरजच संपली, खोल बुडाची जहाजं आली. म्हणजे मेस्डाख आयुष्यभर जे रंगवत होता ते त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. तो १९१५ पर्यंत जगला.

व्हान गॉगचं तुम्हाला आवडेल. तोही १८८२ मध्ये हेगला राहत होता, भावाच्या पैशावर. ऑगस्टमध्ये वादळी हवा होती, हा रंगांची पेटी घेऊन स्खेव्हेनिंगनच्या वाळूवर गेला आणि वाऱ्यात उभा राहून समुद्र रंगवला. वाळू उडून ओल्या रंगावर बसायची, ती खरवडून तो पुन्हा रंगवायचा. त्याने भावाला लिहिलं की समुद्राचा रंग भांडी घासलेल्या घाणेरड्या पाण्यासारखा होता. त्या चित्रातले वाळूचे कण अजून रंगात अडकलेले आहेत. २००२ मध्ये चोरांनी आम्सटरडॅमच्या संग्रहालयातून ते चित्र पळवलं, २०१६ मध्ये ते इटलीत नेपल्सजवळ सापडलं. एक कोपरा उडाला होता. आता परत भिंतीवर आहे. मेस्डाख उबदार खोलीच्या खिडकीतून पाहायचा आणि व्हान गॉग अंगावर वाळू घेत. पण दोघांचं पाणी एकच आहे. मला स्वतःला मेस्डाखचं जास्त खरं वाटतं. तो त्या पाण्याकडे जास्त दिवस बघत बसला.

आणि आता सगळ्यात मोठं. हेगमध्ये त्याचं एक चित्र आहे ते भिंतीवर लावलेलंच नाही, तेच भिंत आहे. गोल इमारत, तिच्या आत सगळीकडून फिरवलेलं चित्र, १४ मीटर उंच आणि जवळजवळ १२० मीटर घेराचं. काळोख्या वाटेने जाऊन जिना चढायचा आणि वर आलं की आपण वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर. खाली पायाशी खरी वाळू पसरलेली, तीत जाळी आणि लाकडी जोडे पडलेले, आणि ती खरी वाळू कुठे संपते नि रंगवलेली कुठे सुरू होते ते कळत नाही. एका बाजूला समुद्र आणि होड्या, दुसऱ्या बाजूला गावाची कौलं, चर्च, दीपगृह, लांब हेगचे मनोरे. उजेड वरून, छताच्या काचांतून येतो, खरा सूर्यप्रकाश. बाहेर ढग आला की चित्रातला समुद्रही काळवंडतो. मी गेले त्या दुपारी ढग पळत होते. समोर रंगवलेलं पाणी उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी काही न बोलता वर बोट दाखवलं, आणि आम्ही दोघी तशाच बघत राहिलो.

हे त्याने १८८१ मध्ये काही महिन्यांत पुरं केलं. स्खेव्हेनिंगनची ती खरी टेकडी सपाट करून तिथे हॉटेल बांधायचं ठरलं होतं, म्हणून जाण्याआधी तिच्यावरून दिसणारं सगळं त्याने काचेच्या नळकांड्याच्या मदतीने रेखून घेतलं. सोबत सीन्चे होती, आभाळाला द बॉक नावाचा चित्रकार होता आणि किनाऱ्यावरचं घोडदळ ब्राइटनर या दुसऱ्या चित्रकाराने काढलं. किनाऱ्यावर एका पांढऱ्या छत्रीखाली एक बाई बसून चित्र काढते आहे. ती सीन्चे. एवढ्या मोठ्या समुद्रात त्याने बायकोला तिच्या कामासकट जागा दिली, हे मला फार मोलाचं वाटलं. ज्या कंपनीने हे काम दिलं होतं ती पाच वर्षांत बुडाली. मग मेस्डाखने स्वतःचे पैसे घालून ते विकत घेतलं, म्हणून आज ते उभं आहे.

बाबा, तो पस्तिसाव्या वर्षी पेढी सोडून ब्रुसेल्सला गेला हे वाचलं तेव्हा मी हिशेब केला. तुम्ही पस्तीस वर्षांचे होतात तेव्हा मी शाळेत जायला लागले होते आणि धाकटी पाळण्यात होती. आपल्याकडच्या जुन्या डच वखारीची तुम्ही केलेली जलरंगातली चित्रं ट्रंकेत आहेत. वखारीच्या भिंतीतून उगवलेल्या वडाच्या मुळ्या तुम्ही जशा काढल्यात तशा मी इथल्या कुठल्या चित्रात पाहिल्या नाहीत. त्यानंतरचे कागद कोरे आहेत, आणि ते का कोरे राहिले ते मला समजतं. आमच्या फिया, वह्या, माझं पुण्याचं वसतिगृह. तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही बोलले नसते, पण इतक्या लांबून लिहायला सोपं जातं.

म्हणून आता पैशांचं. दादाच्या खात्यावर पैसे पाठवले आहेत. त्यातले पहिले बाबांच्या डोळ्यांना. उन्हाळ्याआधी करून घ्या, पावसावर ढकलू नका. डॉक्टर ज्या दोन-तीन प्रकारच्या लेन्स सांगतील त्यांतली स्वस्त निवडू नका. तुमचे डोळे रंग बघणारे आहेत, हे डॉक्टरांना सांगा. उरलेल्यातून मेच्या आत घर शाकारून घ्या, मागच्या पावसात माजघरात पाणी आलं होतं ते धाकटीने मला सांगितलं, तुम्ही सांगितलं नाहीत. दादाला म्हणावं, त्याचा कर्जाचा हप्ता यातून भरला तरी माझी हरकत नाही, पण मला सांगून. आई, तुझ्या नावाने वेगळे पाठवलेत ते तुझेच आहेत. ते पुन्हा माझ्या लग्नाच्या डब्यात टाकू नकोस.

नोकरी कायम झाली. हे फोनवर सांगितलं नाही, कारण त्यासोबत दुसरं सांगावं लागणार होतं. यंदाही चतुर्थीला येता येणार नाही. नव्या कामाची सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरातच आहे. माटवी बांधताना माझी आठवण काढून रडू नकोस आई. मी इथे मूर्ती आणते, मोदकही करते, कळ्या नीट पडत नाहीत तरी करते. धाकटीच्या लग्नाला मात्र येणार म्हणजे येणार. तुळशीच्या लग्नानंतरचा कुठलाही मुहूर्त धरा, मला महिनाभर आधी कळवा, मी रजा धरून ठेवते. हॉलचा आणि जेवणाचा खर्च माझ्याकडे. बाबांनी नाही म्हणू नये.

आणि लोक बोलतात ते मला ठाऊक आहे. थोरली बसलेली असताना धाकटीचं कसं करता, असं आत्या घरी येऊन म्हणाली, तेही मला समजलं. तिला माझा नमस्कार सांगा आणि सांगा की मीच सांगितलंय, धाकटीचं आधी होऊ द्या. तिला आवडलेला मुलगा आहे, चांगला आहे, त्याला माझ्यासाठी थांबवून ठेवण्यात काय अर्थ आहे? आत्याने आणलेलं पुण्याचं स्थळ चांगलं असेलच, पण त्यांना नाही कळवा. मुलाचा फोटो पाहून नाही म्हणतेय असं नाही, मी फोटो उघडलेलाच नाही.

वर लिहिलं ना, वाऱ्यात चालायला एकटी गेले नव्हते. तो नागपूरचा आहे, डेल्फ्टला शिकायला आला आणि इथेच पाण्याच्या कामात नोकरीला लागला. मेस्डाखकडे मला तोच घेऊन गेला. मी बाबांच्या डोळ्यांबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, सगळे रंग लिहून पाठव, ऑपरेशन झाल्यावर ते इथे येऊन ताडून बघतील. आई, तुझा पहिला प्रश्न कोणता असेल ते मला माहीत आहे. आपले नाहीत ते. शाकाहारी आहेत, त्यामुळे तुझ्या स्वयंपाकघराची पंचाईत होईल, पण त्याला सोलकढी आवडते. तो धाकटीच्या लग्नाला यायचं म्हणतोय, पाहुणा म्हणून, वेगळा राहील, गावात कोणाला काही कळणार नाही. तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर मी एकटी येईन, पण येईन नक्की आणि माझं मन बदलणार नाही, हेही आत्ताच सांगते. रागावू नका. रागावलात तरी फोन उचला.

बाबा, ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे त्या दिवशी रजा घेईन. आई, गरम मसाला संपत आलाय, फेब्रुवारीत आत्याचा जावई येणार आहे त्याच्याकडे पाव किलो दे, जास्त नको, त्याच्या बॅगेला वजन होतं. आणि कोकमं.

तुमची,
चिऊ